नवरा बोट सोडायला तयार नाही, मग मेक्सिको बघायचा कधी?

या वेळचं पत्र बे एरियातून आलंय. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. थोडक्यात असं आहे. बाई मूळच्या पुण्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, दोघंही आता अमेरिकन नागरिक. मिस्टरांनी आयटीतली नोकरी सोडली, घर भाड्याने दिलं, ३८ फुटी शिडाची बोट घेतली आणि मागच्या नोव्हेंबरात दोघं सॅन दिएगोहून खाली मेक्सिकोत उतरले. हिवाळा बाहा द्वीपकल्पावरच्या ला पाझला काढला, मे संपता संपता बोट समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवरच्या ग्वायमसच्या यार्डात जमिनीवर चढवली आणि उन्हाळाभर मुलीकडे. आता ऑक्टोबरात परत जायचंय. बाईंनी एक्सेलमध्ये यादी केलीये: कॉपर कॅन्यनची रेल्वे, व्हेल, वाहाकाचा नोव्हेंबरातला मृतांचा सण, मेक्सिको सिटी, मोनार्क फुलपाखरं, शिवाय फेब्रुवारीत नाशिकहून सासूसासरे येणार. मागच्या सीझनला तीन ट्रिपा आखल्या होत्या, तिन्ही मिस्टरांनी ऐनवेळी मोडल्या. एकदा वारा येणार म्हणून, एकदा फ्रिज बिघडला म्हणून, आणि एकदा तर कारणच धड सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, "बसनेच हिंडायचं होतं तर बोट कशाला घेतली?" बाईंचं म्हणणं, "आपण देश बघायला आलोय की बोटीची राखण करायला?" त्यांचे प्रश्न तीन आहेत: यांना पटवू कसं, नाही पटलं तर एकटीच जाऊ का, आणि खरं सांगायचं तर बोट विकून टाकावी का.

ताई, त्यांच्या नकाराची तीन कारणं तुम्ही एकाच माळेत ओवून टाकलीत, मला ती तीन वेगळी कारणं दिसतायत.

वारा येणार म्हणून थांबले ते बरोबरच होतं. बाहा आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या कॉर्तेझच्या समुद्रात हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटतो, तिथे बोटीवर राहणारे सगळे त्याला नॉर्दर म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते की वर अमेरिकेच्या कोरड्या पठारी भागात हवेचा दाब चढला की हा वारा या लांबट चिंचोळ्या समुद्रातून खाली धावत येतो आणि एकदा सुटला की दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, २०-२५ नॉट्सने वाजत राहतो, लाटा फार उंच नसतात पण आखूड आणि उभ्या, बोटीला नुसतं झोडपून काढतात. त्यात तुमची बोट मागच्या वर्षी मरीनाचे, म्हणजे धक्क्याला बोट बांधायच्या जागेचे, पैसे वाचवायला नांगरावर होती असं तुम्हीच लिहिलंय. ला पाझला मलेकॉन, म्हणजे समुद्रकाठचा रस्ता, आणि मोगोतेचा वाळूचा पट्टा यांच्यामधल्या त्या पाण्यात भरती-ओहोटीचा ओढा जोरदार आणि वारा भलत्याच बाजूने, त्यामुळे नांगरलेल्या बोटी एका दिशेला तोंड करून कधी उभ्या राहतच नाहीत, एक इकडे फिरते, दुसरी तिकडे, साखळी स्वतःच्याच बुडाला गुंडाळून बसते आणि रात्री अडीचला शेजाऱ्याचा मागचा भाग तुमच्या खिडकीशी येतो. लोक कौतुकाने त्याला ला पाझ वॉल्ट्झ म्हणतात. अशा जागी बोट आठवडाभर नांगरावर सोडून रेल्वेत बसायला मी पण गेले नसते.

फ्रिजचं कारण अर्धं खरं. बोटीवर काही ना काही कायमच बिघडलेलं असतं, खारं पाणी आणि वीज एकत्र राहतात म्हटल्यावर दुसरं काय होणार. आज फ्रिज, उद्या पाण्याचा पंप, परवा टॉयलेटचा व्हॉल्व. सगळं नीट झाल्यावर निघू असं म्हणणारा माणूस कधीच निघत नाही. इथे मात्र तुम्ही त्यांना हटकायला हवं होतं, भांडून नाही, पण सरळ विचारून, की हे बिघडलेलं असताना बोट बुडू शकते का? बुडू शकत असेल तर थांबू. नाहीतर आतलं सामान शेजारच्या बोटीला देऊन टाकू आणि निघू.

आणि तिसरं, जिथे कारणच सांगितलं नाही, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय.

एक परीक्षा सुचवते. बोट मरीनात, दुहेरी दोरांनी बांधलेली, वीज जोडलेली, दिवसाआड कुणीतरी आत डोकावून फोटो पाठवणार, आणि ट्रिप फक्त दोन रात्रींची. हे सगळं ठरवून मग विचारा. तरी नाही म्हणाले तर वाऱ्याचा आणि फ्रिजचा काही संबंध नाही हे तुम्हाला कळेल, आणि मुख्य म्हणजे त्यांनाही कळेल. माझ्या बघण्यात असे बरेच नवरे आलेत (बायकाही, पण कमी) ज्यांनी तीस वर्षं टीम सांभाळल्या, डेडलाइन सांभाळल्या आणि एक दिवस सगळं सोडलं, मग त्या रिकाम्या जागेत बोट येऊन बसली. बोटीवर ते कॅप्टन असतात, वाहाकाच्या बाजारात कोण असतात? एक्सेल तुमचं, बुकिंग तुमचं, स्पॅनिशही बहुतेक तुमचंच बरं असणार, ते फक्त मागून बॅग घेऊन चालणार. त्यांनी हे असं मनात म्हटलंही नसेल, पण एखादी ट्रिप त्यांच्या हातात देऊन बघा, संपूर्ण, तिकिटापासून हॉटेलपर्यंत, आणि मग मध्ये बोलू नका.

आता तुमच्याकडे वळते, रागावू नका. तुमच्या पत्रात "त्यांची बोट" हे शब्द चार वेळा आलेत. घर भाड्याने देऊन जी घेतली ती बोट त्यांची एकट्याची कशी झाली? तुम्हाला इंजिन चालू करता येतं का, नांगर एकटीने टाकता-उचलता येतो का, बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप कुठे आहे आणि तो आपोआप सुरू होतो की नाही हे कसं तपासायचं, माहितीये का? येत असेल तर माझे शब्द मागे. पण नसेल तर त्यांच्या बाजूने बघा जरा, ती बोट जगात कुणाच्याही भरवशावर सोडता येत नाही, घरात राहणाऱ्या दुसऱ्या माणसाच्याही नाही. तुम्ही सतत विचारताय की आपण दोघं बोट सोडून कधी जायचं. कधी असं विचारलंत का, की तुम्ही जा आठवडाभर मित्रांबरोबर, मुलीला भेटून या, बोट मी बघते? हे एकदा झालं ना, की बोट सोडणं म्हणजे काय याचा अर्थच दोघांसाठी बदलतो. ला पाझला बोटीवाल्यांची चांगली मोठी वस्ती आहे, त्यांचा क्लब क्रूसेरोस आहे, सकाळी आठला बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल २२ वर सगळे बोलतात, तिथे नुसतं म्हणा की मला डिझेल इंजिन आणि नांगर शिकायचाय आणि शक्यतो नवऱ्याकडून नको. शिकवणाऱ्या बायका मिळतील, हसतीलही, पण शिकवतील.

दुसरं म्हणजे तुमची यादी. ती रजेच्या हिशोबाने केलेली यादी आहे, दोन आठवडे मिळालेत तर सगळं उरकून घ्या अशी, जशी आपण सगळ्यांनी नोकरीत असताना केली. तुम्ही आता रजेवर नाही आहात. बोटीच्या तात्पुरत्या आयातीचा जो परवाना तुम्ही काढलाय तो १० वर्षांचा असतो, माणसाला मात्र पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस, तेसुद्धा किती द्यायचे ते काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या हातात, म्हणजे मेक्सिकोने तुमच्यापेक्षा तुमच्या बोटीचं जास्त छान स्वागत केलंय. (कायम असंच राहणार असाल तर टेम्पररी रेसिडेंट व्हिसाचा विचार करा, तो वाढवत वाढवत चार वर्षांपर्यंत जातो, आणि अर्ज मेक्सिकोच्या बाहेरून, त्यांच्या वकिलातीत करायचा असतो.) मुद्दा काय, तर बोट तिथेच राहणार आहे. या हिवाळ्यात वाहाका झालं नाही तर ते कुठे पळून जात नाही.

यादी बदलूया मग. कुठे जायचंय हे आधी लिहू नका, बोट कधी सोडता येते ते आधी लिहा. आपल्याकडे कोळी लोक पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारून ठेवतात आणि घरातली लग्नकार्यं, गावाकडच्या फेऱ्या, जाळ्यांची कामं त्या दिवसांत उरकतात, नारळी पौर्णिमेपर्यंत. कॉर्तेझमध्ये तेच आहे, फक्त पावसाळ्याच्या जागी वादळं. पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा अधिकृत मोसम १५ मे ते ३० नोव्हेंबर, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ओदिल नावाचं चक्रीवादळ बाहाच्या टोकाला काबोला धडकलं तेव्हा ला पाझच्या नांगरावरच्या बोटी किनाऱ्यावर फेकल्या गेल्या होत्या, म्हणून तर तुमची बोट आज ग्वायमसला जमिनीवर उभी आहे. जमिनीवरची बोट बुडत नाही, वाहून जात नाही, नांगर सुटत नाही. तुमच्या मिस्टरांना सगळ्यात कमी काळजी जेव्हा असणार आहे ते दिवस तुम्ही दोघं सरळ विमानात बसून मुलीकडे घालवता आणि बोट पाण्यात गेल्यावर ट्रिपांचा विषय काढता. उलटं करा.

कॉपर कॅन्यन म्हणून ऑक्टोबरात, बोट पाण्यात टाकायच्या आधी. ग्वायमसहून लोस मोचिस बसने पाच-सहा तास, तिथून एल चेपे, म्हणजे तुमच्या यादीतली कॉपर कॅन्यनची रेल्वे. ही लाइन १९६१ मध्ये पूर्ण झाली, लोस मोचिस ते चिवावा साधारण ६५० किलोमीटर, ८०च्या वर बोगदे, आणि समुद्रसपाटीपासून निघून गाडी २,४०० मीटरच्या आसपास चढते. एक्सप्रेस लोस मोचिस ते क्रीलच जाते, रेजिओनाल पुढे चिवावापर्यंत पण ठराविक दिवशीच, म्हणून आधी गाडीचे वार बघा मग बाकीचं. समुद्राच्या बाजूनेच चढा, म्हणजे घाटाचा चांगला भाग उजेडात येतो. पावसानंतर दऱ्या हिरव्या असतात, क्रीलला रात्री थंडी असते, डिसेंबर-जानेवारीत तर बर्फ पडतो, मागच्या वर्षी तुम्ही जी तारीख धरली होती ती तशीही बरी नव्हती. दरीच्या काठावरच्या दिविसादेरो स्टेशनला गाडी थोडा वेळ थांबते तेवढ्यावर परत येऊ नका, वर दोन रात्री राहा, तिथल्या रारामुरी आदिवासी बायका टोपल्या विकायला बसलेल्या असतात, भाव पाडू नका.

पण एक गोष्ट गुळमुळीत न बोलता सांगते. लोस मोचिस सिनालोआत येतं आणि सिनालोआत २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथल्या टोळ्यांमध्ये जे सुरू झालं त्यामुळे मी आज कुणालाही डोळे झाकून जा म्हणणार नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या सूचनेत हे राज्य सगळ्यात वरच्या, म्हणजे जाऊ नका या पातळीवर आहे, रेल्वेने जाणारे लोक तरीही जात असतात. तिकीट काढायच्या आठवड्यात सूचना पुन्हा वाचा, इन्शुरन्स चालतो का विचारा, बस दिवसाची घ्या, आणि मिस्टर या कारणासाठी नाही म्हणाले तर त्यांचं ऐका. हे बोटीचं कारण नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी बोट. उत्तरेचा वारा पाठीशी घेऊन पलीकडे बाहाच्या किनाऱ्याला जा, लोरेतो, आग्वा वेर्दे करत ला पाझला उतरा. या दिवसांत एक्सेल उघडू नका.

मग फेब्रुवारी. फेब्रुवारी पूर्ण महिना मरीनात जागा घ्या, आत्ताच, कारण हिवाळ्यात जागा मिळत नाहीत. दर फुटावर असतो आणि रोजच्या भावाने दहा-बारा दिवस घेण्यापेक्षा महिन्याचा भाव बराच स्वस्त पडतो. त्या एका महिन्यात तुमच्या यादीतल्या तीन गोष्टी बसतात: व्हेल, फुलपाखरं आणि सासूसासरे. नांगरावरचे जे पैसे वाचवलेत ना मागच्या वर्षी, ते मोडलेल्या बुकिंगमध्ये गेलेत, दोन्ही आकडे शेजारी ठेवून मिस्टरांना दाखवा, आयटीतला माणूस आहे, कळेल.

सुरुवात व्हेलपासून करा कारण ती सगळ्यात छोटी आहे. ग्रे व्हेल आर्क्टिककडच्या समुद्रातून हजारो किलोमीटर पोहत बाहाच्या पॅसिफिक बाजूच्या खाऱ्या खाडीत येतात, पिल्लं तिथेच होतात, जानेवारी ते मार्च हा काळ, फेब्रुवारीचा मध्य सर्वात चांगला. ला पाझहून मॅग्डालेना बेच्या बाजूला, आदोल्फो लोपेस मातेओसला, गाडीने साडेतीन-चार तास, एक रात्र मुक्काम, सकाळी वारा उठायच्या आत पांगा, म्हणजे तिथली उघडी मोटारहोडी, पकडायची. लागुना सान इग्नासिओ आणखी वर आहे, युनेस्कोच्या यादीत १९९३ पासून, तिथे आया पिल्लांना घेऊन होडीला येऊन चिकटतात, पण त्याला दिवस जास्त लागतात. स्वतःची बोट घेऊन व्हेलमध्ये शिरता येत नाही, परवाना असलेल्या स्थानिक होडीतूनच जायचं असतं, म्हणजे "बोटीनेच जाऊ ना" हा मुद्दा इथे आपोआपच निकालात. गेल्या काही वर्षांत या व्हेलची संख्या बरीच घटलीये, म्हणून ही मी यादीत वर ठेवली.

फुलपाखरांसाठी विमानाने मेक्सिको सिटी आणि तिथून मिचोआकानमधलं एल रोसारिओ, किंवा जवळ हवं तर मेक्सिको राज्यातलं पिएद्रा एर्रादा. ऊन पडलं की ती झाडांवरून सुटतात, ढगाळ दिवशी नुसते फांद्यांना लटकलेले घोस दिसतात. जंगल ३,००० मीटरच्या आसपास आहे आणि चढ आहे, समुद्रसपाटीवर राहणाऱ्या माणसाला धाप लागते, म्हणून सिटीत दोन दिवस आधी काढा, अँथ्रोपॉलॉजी म्युझियमला एक अख्खा दिवस द्या. सासूसासऱ्यांना या ट्रिपला नेऊ नका.

मार्च मोकळा सोडा. एप्रिल-मे त्यांचे, हे लेखी द्या हवं तर. नॉर्दर कमी होतात, पाणी कोमट व्हायला लागतं, इस्ला सान फ्रान्सिस्को, लॉस गातोस, वर बाहिया कॉन्सेप्सिओन, त्या दिवसांत बसस्टँडवर उभं राहणं हा खरंच मूर्खपणा होईल, आणि तुम्हालाही बोट खरी कशासाठी घेतली ते तेव्हाच कळेल. मेअखेर परत ग्वायमस, बोट वर, आणि घरी जाण्याआधी आठवडाभर ग्वानाह्वातो, सान मिगेल ही जुनी गावं. वाहाका यंदा काढून टाका. मृतांचा सण १ आणि २ नोव्हेंबरला, हॉटेलं कित्येक महिने आधी भरतात, आत्ता जे मिळेल ते महाग आणि गावाबाहेर, पुढच्या वर्षी बोट जमिनीवर असतानाच तिकडून सुरुवात करा.

बोट सोडून जाताना काय करायचं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार, पण ते कागदावर लिहून घ्या, दोघांनी मिळून, कारण डोक्यातली यादी कधीच संपत नाही आणि कागदावरची संपते. पाण्याखालचे सगळे व्हॉल्व बंद. बिल्ज पंपाचा फ्लोट हाताने उचलून पंप चालतो का ते बघायचं. दोर दुहेरी, जिथे घासतात तिथे पाइपचं आवरण. पुढचं शीड उतरवून आत, निदान घट्ट बांधून तरी, वाऱ्यात सुटलेलं शीड तासाभरात चिंध्या होतं. फ्रिज रिकामा. आणि ज्याच्यावर बोट सोडताय त्याला पैसे द्या, ओळखीपाळखीवर नको. दिवसाआड बिल्जचा फोटो पाठवायचा, आणि काही झालं तर किती खर्चापर्यंत त्याने न विचारता निर्णय घ्यायचा तेही लिहून द्या. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात आणि मग रेंज नसलेल्या दरीत फोन लागत नाही म्हणून दोन्हीकडे जीव टांगणीला. ज्यांच्याकडे बोट नाही पण शेतावरचं घर आहे, म्हातारा कुत्रा आहे, त्यांनीही हेच करावं, मला तशीही पत्रं येतात.

एकटी जाऊ का? जा. पण कुठली ट्रिप एकटीने करायची ते शांत असताना ठरवा, ती मोडल्यावर तिरमिरीत निघू नका, कारण मग अख्खा प्रवास मनातल्या मनात भांडण्यात जातो. मेक्सिको सिटी आणि ग्वानाह्वातोचा भाग एकट्या बाईला सोयीचा आहे, ईटीएन, प्रिमेरा प्लसच्या बस आपल्या व्होल्वोपेक्षा ऐसपैस, नंबर असलेल्या सीट, सामानाला टॅग, दिवसाचीच घ्या, स्टँडवरून अधिकृत टॅक्सी. आणि परत आल्यावर तुम्ही काय मिस केलंत हे सांगू नका, नुसते फोटो दाखवा. पुढच्या वेळी ते येतील किंवा येणार नाहीत. काही जोडप्यांत एकाला रस्ता आवडतो आणि दुसऱ्याला आपली जागा, त्यात लग्नाचं काही बिघडलेलं नसतं.

बोट विकण्याचं आत्ता काही सांगत नाही. तुमची एक हिवाळ्याची ओळख आहे, तीही नांगरावर काकडत आणि भांडत काढलेली. मे संपल्यावर लिहा मला. तेव्हाही विकावीशी वाटली तर विका, बोटी विकल्या जातात.

राहिले सासूसासरे. त्यांना बोटीवर झोपवू नका. आत उतरायची ती उभी शिडी, पंपाचं टॉयलेट, रात्री दोनदा उठणारे सासरे, नको. मलेकॉनजवळ लिफ्ट असलेली किंवा तळमजल्याची खोली घ्या, सकाळी मरीनातून बोटीवर चढवा (नांगरावरच्या बोटीकडे न्यायच्या छोट्या डिंगीत बसवायची वेळ येत नाही, मरीनाचा हा आणखी एक फायदा), वारा नसलेल्या दिवशी बालांद्राच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन आणा, संरक्षित भाग आहे, पासची चौकशी आधी करा. मिस्टरांना आईवडिलांसमोर बोट चालवू दे, तो दिवस त्यांचा. व्हेलला मात्र सगळे मिळून. जेवणाचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय ते शाकाहारी आहेत, तर लक्षात ठेवा की तिथल्या फ्रिहोलेसमध्ये, म्हणजे घेवड्याच्या उसळीत, बऱ्याचदा डुकराची चरबी असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात, दरवेळी विचारायचं. निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया, चिंचेचं पाणी, आणि लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत जे तिथे हामायका म्हणून मिळतं, हे सगळं त्यांना आवडेल. काबुली चणे सिनालोआ-सोनोरातले मोठाले मिळतात, कुकर आहेच, गोडा मसाला त्यांनाच आणायला सांगा.

त्यांच्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण वकिलातीच्या साइटवर एकदा बघून घ्या, आणि परत अमेरिकेतच यायचं असेल तर तो मल्टिपल एंट्री आहे ना तेही. तिकीट स्वतः काढा, एजंटवर सोडू नका. ला पाझ बोलिव्हियातही आहे, ते समुद्रापासून साडेतीन हजार मीटर वर. तुमच्या ला पाझचा विमानतळ कोड एलएपी, त्यांचा एलपीबी.